७,६५,२०० ते ६,७६,७०० : एका छोट्या गाडीचा सौदा

हे प्रकरण २०२५ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमधलं आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं बदलली आहेत. शहर, शोरूम आणि गाडीचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही. आकडे मात्र त्यांच्या फायलीतलेच आहेत. मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची बरीच वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर होतो. सुवर्णा आमच्याच सोसायटीत राहते, म्हणून ही फाईल माझ्यापर्यंत आली.

पार्श्वभूमी

सुवर्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळा घरापासून २४ किलोमीटर. तिचा नवरा महेश एमआयडीसीत कामाला, पाळी फिरती. घरात एक स्कूटर, दोन मुलं आणि गुडघ्यांनी थकलेले सासरे, ज्यांना दर महिन्याला दवाखान्यात न्यावं लागतं. शाळेच्या वाटेवर एक फरशी पूल आहे. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की १० किलोमीटरचा वळसा, तोही स्कूटरवर, रेनकोट घालून. त्यामुळे गाडी ही या घराची हौस नव्हती, गरज होती.

तीन वर्षांत त्यांनी २ लाख रुपये बाजूला काढले होते. हप्ता १०,००० च्या वर जाऊ द्यायचा नाही, हे नवरा-बायकोने बसून ठरवलं होतं. जुनी गाडीही बघून झाली होती. चार-पाच वर्षं वापरलेली एक गाडी बजेटात बसत होती, पण तिच्यावरचा आधीच्या मालकाचा कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलेला नव्हता आणि बँकेची एनओसी 'येतेय, येतेय' एवढंच ऐकू येत होतं. तो विषय त्यांनी सोडला, आणि बरं केलं. मग नवीनच, पण लहान गाडी घ्यायची ठरली : १२०० सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, लांबी ४ मीटरच्या आत. मुहूर्त दसऱ्याचा, २ ऑक्टोबर.

शोरूममधला पहिला रविवार

२४ ऑगस्टला, गणपती तीन दिवसांवर असताना, दोघं शोरूममध्ये गेले. टेस्ट ड्राइव्ह झाली, चहा झाला. सेल्समन पंचविशीतला, बोलायला नम्र मुलगा. त्याने विचारलं, "मॅडम, महिन्याला साधारण किती जमेल?"

सुवर्णा म्हणाली, "दहाच्या आत."

माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णय इथेच झाला, आणि तो निर्णय आहे हे कुणाला कळलंही नाही. त्यानंतर गाडीच्या किमतीवर बोलणंच झालं नाही, सगळं हप्त्यावर आलं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा हातात गाडीचं ब्रोशर होतं. मागच्या कोऱ्या जागेत निळ्या पेनाने तीन आकडे : ७,६५,२००, खाली २,००,०००, खाली ९,५५१. शेवटच्या आकड्याभोवती दोनदा गोल काढलेला. "काका, हप्ता बसतोय," ती म्हणाली. बुकिंगचे ५,००० रुपये भरून आली होती.

मी विचारलं, किती वर्षं? सात. व्याज? "सहा टक्के म्हणाला." सहा टक्के फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ते विचारलं नव्हतं.

५,६५,००० चं कर्ज, सहा टक्के फ्लॅट, ८४ महिने. म्हणजे पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर सातही वर्षं व्याज : २,३७,३००. महिन्याला ९,५५१ बरोबर येतात. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र मूळ रकमेवरच लागत राहतं. बँक सांगते त्या पद्धतीने, घटत्या शिलकीवर मोजलं, तर हा दर साडेदहाच्या वर जातो. हप्ता १०,००० च्या आत बसवण्यासाठी मुदत सात वर्षांपर्यंत ताणली होती. आणि गाडीच्या किमतीत काय काय भरलंय, हे त्या तीन आकड्यांतून दिसणं शक्य नव्हतं.

अडचण नेमकी काय होती

मी तिला एवढंच सांगितलं की आधी प्रत्येक बाब वेगळी लिहिलेलं कोटेशन मागव, शोरूमच्या शिक्क्यासह. ते यायला दोन दिवस आणि व्हॉट्सॅपवर चार निरोप लागले. आलं ते असं :

एक्स-शोरूम ६,४५,०००
आरटीओ ७६,५००
विमा ३८,५००
अ‍ॅक्सेसरीज किट १४,९००
एक्स्टेंडेड वॉरंटी १२,५००
हँडलिंग ६,८००
कोटिंग ५,५००
फास्टॅग ५००
एकूण ८,००,२००, गणपती ऑफर वजा ३५,०००, द्यायचे ७,६५,२००.

महेशचं लक्ष पहिल्यांदा ३५,००० वर गेलं. आपल्याकडे सौदा म्हटलं की 'अजून किती सोडता?' हाच प्रश्न तोंडात येतो. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. ३५,००० सोडले, पण त्याच कागदावर न मागितलेल्या गोष्टींचे ३९,७०० लावलेले होते : किट, वॉरंटी, हँडलिंग आणि कोटिंग. म्हणजे सूट मिळूनही हे घर ४,७०० ने मागेच होतं.

मग एकेक ओळ घेऊन बसलो. एक्स-शोरूम, म्हणजे आरटीओ आणि विमा धरण्याआधीची किंमत, कंपनी ठरवते, त्यात शोरूमला हात घालता येत नाही. आरटीओमध्ये महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के कर, म्हणजे ७०,९५०. वर नोंदणीचे ६००, कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५००, स्मार्ट कार्डचे २००. बेरीज ७३,२५०. कोटेशनमध्ये त्याहून ३,२५० जास्त होते, आणि ते कशाचे हे लिहिलेलं नव्हतं. हँडलिंग ही कुठलीही सरकारी फी नाही. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणणं हा विक्रेत्याच्या धंद्याचाच भाग आहे.

विम्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला, कारण तिथे सगळंच काढून टाकणं शहाणपणाचं नसतं. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचा हप्ता सरकार ठरवतं, तेव्हा तो १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि वर जीएसटी असा होता. तो कुठेही घ्या, तेवढाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्याला जोडलेल्या अ‍ॅड-ऑनमध्ये. शोरूमच्या पॉलिसीत झीरो डेप (दाव्यात सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर), इंजिन, चावी हरवणे, टायर, कन्झ्युमेबल्स, रिटर्न टू इन्व्हॉइस असं सगळं होतं. सुवर्णाने झीरो डेप आणि इंजिनचं कव्हर ठेवलं, बाकीचं काढलं. इंजिनचं का, तर तो फरशी पूल. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल मारला आणि पाणी इंजिनात शिरलं, तर साध्या पॉलिसीत तो दावा सहसा बसत नाही. जिच्या रोजच्या वाटेवर तो पूल आहे तिने ते कव्हर काढू नये, हे माझं ठाम मत होतं आणि आहे. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती विक्रेत्याला करता येत नाही. विमा नियामकाची त्याबाबत २०१७ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत. तिने बाहेरून दोन कोटेशनं काढली, त्यातलं स्वस्त २८,१०० चं होतं.

त्या सेल्समन मुलाच्या बाजूनेही दोन शब्द लिहायला हवेत. छोट्या गाडीवर शोरूमला सुटतं थोडं. मिळकत असते ती विमा, कर्ज आणि अ‍ॅक्सेसरीजवर, आणि सेल्समनचा इन्सेन्टिव्हही बहुधा त्यांवरच ठरतो. तो खोटं बोलला नव्हता. हप्ता विचारल्यावर त्याने हप्ता बसवून दिला होता. म्हणून सुवर्णाला मी सांगितलं की त्याच्यावर चिडू नकोस, त्याच्याशी नीट बोल, फक्त बोलणं कागदावरच्या ओळींवर ठेव. तिने शेवटपर्यंत तसंच केलं, आणि पुढे त्याचा उपयोगही झाला.

३ सप्टेंबरनंतरचा पेच

१५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कपातीचं सूतोवाच केलं होतं. ३ सप्टेंबरच्या रात्री जीएसटी परिषदेने निर्णय जाहीर केला : या वर्गातल्या छोट्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता, तो २२ सप्टेंबरपासून सरळ १८ टक्के. गणपतीतच गाडी घरी आणायचा मोह या घराने टाळला होता, म्हणून हा फायदा त्यांच्या पदरात पडण्याची शक्यता तरी उरली.

५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, शोरूममधून फोन आला. सूट ३५,००० ची ५०,००० करतो, पण बिल आजच्या आज करू. परवापासून पितृपक्ष, त्यात तुम्ही गाडी नेणार नाही, तर पूर्ण पैसे भरून ठेवा आणि घटस्थापनेला गाडी घेऊन जा. घटस्थापना २२ सप्टेंबरलाच होती. ऐकायला दोन्ही हातांत लाडू.

शोरूमची घाई समजण्यासारखी होती. गोदामात उभ्या गाड्यांवर भरलेला उपकर पुढे वळता करून घेता येणार नाही, ही त्या दिवसांत डीलर मंडळींची खरी चिंता होती. पण आपण त्यांच्या चिंतेचा हिशेब आपल्या घरात का घ्यावा?

समोर असलेले पर्याय

पहिला, ५०,००० ची सूट घेऊन लगेच गाडी घ्यायची, पितृपक्ष लागायच्या आत.

दुसरा, फोनवर सुचवलेला : बिल आता, गाडी २२ ला. यातला धोका नीट समजून घेण्यासारखा आहे. जीएसटीचा दर बदलतो तेव्हा कुठला दर लागायचा, हे केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये ठरवून दिलं आहे. बिलही बदलाच्या आधीचं आणि पैसेही आधीच दिलेले असतील, तर वस्तू नंतर हातात आली तरी जुनाच दर लागतो. म्हणजे घटस्थापनेला गाडी घरी येऊनही त्यांनी कर भरला असता तो २९ टक्क्यांचा. उलट, आगाऊ रक्कम आधी दिली पण बिल २२ नंतर झालं, तर नवा दर. म्हणून बुकिंगचे ५,००० अडचणीचे नव्हते. अडचण झाली असती ती पूर्ण पैसे आणि बिल यांची.

तिसरा, २२ पर्यंत थांबायचं. यातही जोखीम होतीच. मागणी वाढली की सूट आटणार, हवी ती गाडी दसऱ्यापर्यंत मिळेलच असं नाही, आणि कंपनी कपात पूर्ण देईल का, हे ५ तारखेला कुणालाच माहीत नव्हतं.

आम्ही नको त्या ओळी काढून दोन्हीकडची बेरीज केली. जुन्या दराने ५०,००० सूट धरून ६,९९,७५० पडत होते. नव्या दराने एक्स-शोरूम ५,९०,००० व्हायला हवं होतं (मूळ ५ लाखांवर १८ टक्के), त्यामुळे आरटीओचा करही ६,०५० ने उतरणार होता. सूट एक रुपयाही मिळाली नाही असं धरलं तरी बेरीज ६,८८,७००. म्हणजे सगळ्यात वाईट धरूनही थांबण्यात ११,००० च्या आसपास फायदा होता. महेशला दसऱ्याची धाकधूक होती. सुवर्णा म्हणाली, "दसऱ्याला नाही मिळाली तर दिवाळीला आणू. सात वर्षं हप्ते फेडण्यापेक्षा तीन आठवडे थांबलेलं बरं." थांबायचं ठरलं.

बुकिंग फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात एक अट होती : डिलिव्हरीच्या दिवशी लागू असेल ती किंमत. ही अट सहसा ग्राहकाला महागात पडते, कारण किंमत वाढली की वाढीव पैसे त्यालाच भरावे लागतात. इथे तीच कामाला आली. बुकिंग मोडायची गरज पडली नाही.

काय केलं

पितृपक्षात गाडी घ्यायची नाही, पण बोलणी करायला काय हरकत? सासऱ्यांना हे आधी पटेना. "नुसतं बोलायला जातोय, पैसे देत नाही," असं महेशने समजावलं. १६ सप्टेंबरला, मंगळवारी दुपारी, आम्ही तिघं गेलो. शोरूम रिकामी होती. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांना दोन मिनिटं वेळ नव्हता, ते सेल्स मॅनेजर स्वतः समोर येऊन बसले. माझ्या मते बोलणी करण्यासाठी वर्षातला याहून चांगला पंधरवडा नाही.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी केल्या होत्या. शेजारच्या तालुक्यातल्या दुसऱ्या शोरूमचं लेखी कोटेशन आणलं होतं, त्यात हँडलिंग नव्हतं. आणि सुवर्णाचा पगार जिथे जमा होतो त्या बँकेतून कर्जाची तत्त्वतः मंजुरी घेतली होती, ९ टक्के घटत्या शिलकीवर, पाच वर्षं.

त्या बँकेतही कागद वाचावाच लागला. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किरकोळ कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते एका जागी लिहिलेलं असतं. तिच्या कागदावर तो दर ९ पेक्षा चांगलाच जास्त दिसला. विचारलं तेव्हा कळलं की कर्ज-सुरक्षा विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला होता. तिने तो नको असं लेखी दिलं आणि नवा कागद घेतला. माझ्याच क्षेत्रातली ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम लिहितो : आपल्या ओळखीची बँक आहे म्हणून सही करू नये.

शोरूममध्ये बोलणी सुवर्णाने केली. मी बाजूला बसलो होतो. तिने हप्त्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, "कर्ज आमचं झालंय. मला ऑन-रोडचा शेवटचा आकडा सांगा, एकेक ओळ बघू." हँडलिंगवर मॅनेजर म्हणाले, "ते सगळ्यांनाच लागतं, मॅडम." तिने दुसऱ्या शोरूमचा कागद समोर ठेवला आणि काहीच बोलली नाही. ती शांतता बरीच लांबली. मॅनेजरनी पेन घेतलं आणि त्या ओळीवर काट मारली.

विम्याला बाहेरच्या दराजवळ या, मग तुमच्याकडूनच घेते, असं तिने सांगितलं. त्यांच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस सोपं पडेल, म्हणून ५०० जास्त द्यायची तिची तयारी होती. २८,६०० वर जमलं. कोटिंग नको. किटमधले फक्त मॅट आणि मडफ्लॅप, २,४००. वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते, हे तिने कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर आधीच विचारून ठेवलं होतं, त्यामुळे 'आज नाही घेतली तर मिळणार नाही' हे वाक्य चाललं नाही. शेवटी सूट. मॅनेजर ८,००० म्हणाले, ती २०,००० म्हणाली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सवलतीसह १२,००० वर थांबलं. तिने तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं : २२ सप्टेंबरनंतरच्या किमतीवर १२,००० सूट, हँडलिंग शून्य. सही, शिक्का, तारीख.

२४ तारखेला सेल्समनचा फोन आला. शोरूममध्ये उभं राहायला जागा नाही, वरून सगळ्या सवलती बंद झाल्यात. सुवर्णाने त्या कागदाचा फोटो पाठवला, वर फक्त 'दादा, हे आपलं ठरलेलं' एवढंच लिहिलं. तासाभराने उत्तर आलं, 'ओके मॅडम'. मला वाटतं, आधीपासून नीट बोलत आल्याचा इथे उपयोग झाला. त्या मुलानेच आत जाऊन तिची बाजू मांडली असणार.

गाडी बघायला गेलो तो दिवस

पैसे भरण्याआधी आणि नोंदणी होण्याआधी गाडी स्वतः तपासायची, म्हणजे पीडीआय, यावर मी अडून बसलो होतो. नंबर पडल्यावर गाडी बदलून मिळत नाही. २७ सप्टेंबरला आम्ही स्टॉकयार्डात गेलो. निळी गाडी, तीच हवी होती. अंगावर धुळीचा जाड थर, बॉनेटवर कुणीतरी बोटाने 'श्री' लिहिलेलं. टायरच्या कडेला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. तिथे ०९२५ होतं, म्हणजे मार्चच्या आगेमागे बनलेला टायर. चॅसिस नंबरावरून गाडी एप्रिलची निघाली. पाच महिने उन्हापावसात उभी. चावी फिरवली तर नुसता टक् असा आवाज आला. दुसऱ्यांदा फिरवल्यावर सुरू झाली.

इथे आमचं एकमत झालं नाही. माझं म्हणणं होतं की नव्या महिन्याची गाडी मागावी, उशीर झाला तरी चालेल. महेशचं म्हणणं, वर्ष २०२५ च आहे, पुढे विकताना वर्ष बघतात, महिना नाही. सुवर्णाने मधला मार्ग काढला : बॅटरी नवी बसवा, चारही चाकं आणि वायपर तपासून द्या, हे डिलिव्हरी नोटवर लिहा, तर घेते. शोरूमने बॅटरी बदलून दिली. माझ्या मनात मात्र अजूनही ती पाच महिन्यांची धूळ आहे. नोंदणीसाठीच्या फॉर्म २१ वर निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. ते चॅसिसशी जुळतं ना, एवढं तरी प्रत्येकाने पाहावंच.

निकाल

दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, गाडी घरी आली. शेवटचा हिशेब : एक्स-शोरूम ५,९०,०००, आरटीओ ६७,२००, विमा २८,६००, फास्टॅग ५००, मॅट-मडफ्लॅप २,४००, सूट वजा १२,०००. एकूण ६,७६,७००. कर्ज ४,७५,०००, पाच वर्षं, हप्ता ९,८६०. शोरूमच्या सहा टक्के फ्लॅटने याच कर्जाचा हप्ता १०,२९२ झाला असता, म्हणजे पाच वर्षांत सुमारे २६,००० जास्त. पहिल्या रविवारच्या सौद्यात २,३७,३०० व्याज जाणार होतं, आता सुमारे १,१६,६०० जाईल.

ब्रोशरवरच्या आकड्यापेक्षा गाडी ८८,५०० ने स्वस्त पडली. ते सगळं बोलण्याचं यश नाही. त्यातले ६१,०५० सरकारच्या कपातीने आले, किमतीत ५५,००० आणि त्यावरच्या आरटीओ करात ६,०५०. ओळी तपासून वाचले ५०,४५०, आणि सूट आटल्यामुळे गेले २३,०००. शिवाय वाचलेल्यांपैकी १२,५०० एक्स्टेंडेड वॉरंटीचे आहेत. ते पुढे ढकललेत, वाचलेले नाहीत, कारण ती वॉरंटी या घराने घ्यावी असं मला वाटतं. कपात झालीच नसती, तरी कागद मागवल्याने या घराचे ४०,००० च्या आसपास राहिले असते, हे या प्रकरणातलं माझ्या लेखी खरं मोजमाप.

वेगळं काय करता आलं असतं

शोरूमची पायरी चढण्याआधी कर्जाची मंजुरी हातात हवी होती. ती असती, तर 'महिन्याला किती जमेल' याला 'कर्ज झालंय' हेच उत्तर गेलं असतं. तीन आठवड्यांनी दुरुस्त केलेली गोष्ट पहिल्याच दिवशी टळली असती.

५,००० भरताना फॉर्मची मागची बाजू वाचली नव्हती. अट या वेळी बाजूने निघाली, पण ते दैव होतं. बुकिंग रद्द केल्यास किती कापणार, हे तर तिथे लिहिलेलंच नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नाही.

१६ तारखेच्या कागदात माझीही एक चूक राहिली. 'आरटीओ पावतीप्रमाणे, फरक परत' असं तोंडी ठरलं, पण मी ते लिहून घ्यायला सुचवलं नाही. शोरूमने आरटीओपोटी ६९,००० भरून घेतले, पावत्या आल्या ६७,२०० च्या. उरलेले १,८०० परत मिळायला सुवर्णाला तीन खेपा घालाव्या लागल्या. एकदा अकाउंटंट रजेवर, एकदा सिस्टीम बंद. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे खात्यावर आले. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, मुलांना शेजारी सोडून घातलेल्या त्या खेपा होत्या. कागदावर एक ओळ जास्त असती, तर त्या घालाव्या लागल्या नसत्या.